टप्प्याची तारीख करारात कशी बघावी

टप्प्याटप्प्याने पूर्ण करून द्यायच्या बांधकामाचं पहिलंच कंत्राट घेतोयस, तर आधी एकच बघ: उशिराचा दंड त्या टप्प्याच्या रकमेवर आहे की पूर्ण कामाच्या? माझ्या एका कामात फक्त ए विंगला तीन आठवडे उशीर झाला, पण बिलातून कपात झाली ती तिन्ही विंगच्या एकूण रकमेवर. क्लॉज मी नीट वाचलाच नव्हता. 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 सांगतं की लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, भरपाई वाजवीच. पण त्यासाठी लवादापुढे किंवा कोर्टात जावं लागतं, आणि पैसे तोवर मालकाकडेच.

'काम पूर्ण' म्हणजे काय, तेही लिहून घे. लिफ्टचा परवाना, ड्रेनेजची जोडणी कोणाकडे? रंगाचे टचअप राहिले म्हणून काम पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र अडू नये. अशा किरकोळ कामांची यादी वेगळी करायची.

दुसऱ्या टप्प्याची मुदत जागा ताब्यात मिळाल्यापासून मोजली जावी. बी विंगच्या जागेवर मालकाचं जुनं गोडाऊन उभं असेल, तर तू खोदणार कुठे?

बिल्डरचं काम असेल तर महारेरावर (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या वेबसाइटवर) त्या टप्प्याची जाहीर केलेली तारीख बघून ठेव. तो घाई का करतोय ते तिथेच कळेल.

आणि हिंडरन्स रजिस्टर, म्हणजे कामातल्या अडथळ्यांच्या नोंदींची वही, रोज भर. 'स्लॅबचं ड्रॉइंग 12 ला मागितलं, 27 ला आलं', खाली इंजिनिअरची सही. मुदतवाढीचं पत्र मुदत संपायच्या आतच दे. पावसाळ्याचं कारण मात्र नको, बहुतेक करारांत तो आधीच धरलेला असतो.