पाचवीतला मुलगा (३, ५) आणि (५, ३) यांत सारखा गोंधळतो. आलेखावर बिंदू मांडायला त्याला कसं शिकवावं?

"आधी आडवं, मग उभं" हे रोज घोकून घेऊनही त्याचा (३, ५) भलतीकडेच पडतो, असं तुम्ही लिहिलंय. मी घरी गणिताच्या शिकवण्या घेते, त्यामुळे ही तक्रार ओळखीची आहे. पण क्रमच चुकतोय असं आधी धरून चालू नका. त्याला (४, ४) मांडायला सांगा आणि गप्प बसून बघा.

(४, ४) मध्ये क्रम उलटा झाला तरी बिंदू तोच राहतो. तेव्हा हा बरोबर आला तर घोळ खरंच क्रमाचा आहे. हाही चुकला तर पोरगं मोजण्यातच चुकतंय, आणि मग "आधी आडवं" कितीही घोकलं तरी फरक पडायचा नाही. लहान मुलांत मला हे दुसरंच जास्त दिसतं.

मोजण्यातली एक चूक म्हणजे आरंभबिंदूवर बोट ठेवलं की लगेच "एक" म्हणणं. मग (४, ४) च्या जागी (३, ३) येतो. दुसरी म्हणजे रेषा सोडून चौकोन मोजणं. टिंब चौकटीच्या पोटात पडलं की ओळखायचं. यात त्याचा दोष फारसा नसतो. बुद्धिबळाच्या पटावर नाव घराला असतं, एक्सेलमध्येही ते खान्याला असतं. आलेखावर मात्र अंक रेषेचा असतो आणि बिंदू दोन रेषा जिथे छेदतात तिथे. म्हणूनच जहाजं बुडवण्याचा तो चौकटींचा खेळ पुष्कळजण सुचवत असले तरी सुरुवातीला मला तो नको वाटतो. नेमकी चुकीची सवय पक्की होते.

त्यापेक्षा ठिपक्यांची रांगोळी घ्या. फरशीवर खडूने ११ ठिपके, ११ ओळी. इथे चौकोनच नाहीत, त्यामुळे ते मोजायचा मोह होत नाही. खाली डाव्या कोपऱ्यातला ठिपका म्हणजे शून्य. (घरात रांगोळी घालणारी आजी असेल तर ती त्याला "एक" म्हणेल, तिला आधीच विश्वासात घ्या.) मुलाने त्या ठिपक्यावर बोट ठेवून मोठ्याने "शून्य" म्हणायचं, आणि बोट हललं तरच पुढचा आकडा. हे जमलं की (०, ४) आणि (४, ०) द्या. शून्य म्हणजे त्या दिशेने हलायचंच नाही, हे इथे कळतं. हे दोन बिंदू न अडखळता येईपर्यंत पुढे जाऊ नका.

आता क्रम. सुटे बिंदू देऊन प्रत्येकावर बरोबर-चूक करत बसलात तर दोघंही वैतागाल. चित्र द्या, म्हणजे चूक त्याची त्यालाच दिसते. (१, १), (५, १), (५, ४), (३, ६), (१, ४) हे बिंदू ओळीने जोडून शेवटचा पहिल्याला जोडला की घर तयार होतं. सगळीकडे क्रम उलटला तर घर कुशीवर आडवं होतं आणि छपराचं टोक उजवीकडे जातं. एखाद्याच बिंदूचा उलटला तर भिंतच पळते. तुम्ही काही बोलायची गरज नाही.

"आधी आडवंच का?" असं त्याने विचारलं तर सरळ सांगा, तसं ठरवलंय म्हणून. फोनवरच्या नकाशात पुणे साधारण १८.५, ७३.९ असं दिसतं. तिथे अक्षांश आधी, म्हणजे उत्तर-दक्षिण आधी आणि पूर्व-पश्चिम नंतर, आपल्या आलेखाच्या बरोबर उलट. मोठ्या मुलांना हे सांगायला मजा येते. तुमच्या मुलाचा क्रम पक्का होईपर्यंत नकाशा लांब ठेवा.

वहीवर येताना बारीक मिलिमीटरचा आलेख कागद नको, गणिताची चौकटीची वही बरी. अंक रेषेच्या अगदी टोकाशी लिहायला लावा, दोन रेषांच्या मधे नाही. एवढ्या एका गोष्टीने चौकोन मोजणं बरंच सुटतं.

ऋण संख्यांची घाई करू नका. अमेरिकेतल्या कॉमन कोअर अभ्यासक्रमातही पाचवीत फक्त पहिलं चरण आहे, म्हणजे दोन्ही अंक धन असलेला आलेखाचा उजवा-वरचा चतुर्थांश; चारही चरणं सहावीत येतात. त्याला स्वतःलाच पुढे जायचं असेल तर संगणकावर स्क्रॅच उघडून द्या, म्हणजे पडद्यावरचं मांजर हलवत मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणारं सॉफ्टवेअर. त्यात पडद्याच्या मध्यभागी (०, ०) असतो, एक्स (आडवा अंक) -२४० ते २४० आणि वाय (उभा अंक) -१८० ते १८०. मांजर हलवता हलवता उणे म्हणजे डावीकडे किंवा खाली हे आपोआप बसतं. मग वहीतल्या त्याच घराच्या टोकावर (३, ६), (३, ८), (५, ७) असं निशाण लावा आणि सगळ्या एक्सना उणे चिन्ह द्यायला सांगा. घर डावीकडे जाईल, पण निशाण कुठल्या बाजूला फडकेल, हे त्याला काढण्याआधी विचारा.