युवा पुरस्कारातला युवा कोण?

प्रश्न : बारा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली माझी कादंबरी २०२१ मध्ये आली. साहित्य अकादेमीच्या युवा पुरस्काराला ती चालेल का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : नावामुळे फसगत होते खरी. इथला ‘युवा’ म्हणजे लेखक, वयोमर्यादा ३५. वाचकाच्या वयाशी संबंध नाही. तुमची कादंबरी बसते बाल साहित्य पुरस्कारात : २०१० पासून दिला जातो, ५० हजार रुपये आणि ताम्रपट. गोची होते ती वर्षांच्या हिशेबात. पुरस्काराच्या लगतचं मागचं वर्ष सोडून त्याआधीची पाच वर्षं धरतात. २०२३साठी २०१७ ते २०२१. म्हणजे तुमचं पुस्तक २०२७पर्यंत बसतं. श्रेयपानावर ‘प्रथम आवृत्ती’समोरचं वर्ष बघा, दुसऱ्या आवृत्तीने मुदत वाढत नाही.