गोवराचे तीन आकडे आणि एक सही

‘बातम्यांमधले रोगाचे आकडे फुगवलेले असतील, तर त्यांच्यावर विसंबून आम्ही मुलाला लस का द्यावी?’ हा प्रश्न समुपदेशनाच्या खोलीत मी अनेकदा ऐकला आहे. तो विचारणारे पालक बहुधा लसीचे विरोधक नसतात. त्यांनी थोडे वाचलेले असते, दोन बातम्यांमधली विसंगती त्यांच्या नजरेस आलेली असते, आणि ती कोणीच गांभीर्याने घेत नाही म्हणून ते चिडलेले असतात. अशाच एका जोडप्याचा अनुभव येथे सांगत आहे. ओळख पटू नये म्हणून नावे आणि काही तपशील बदलले आहेत, आणि एक-दोन प्रसंग दुसऱ्या पालकांचे आहेत.

विनय आणि मेघना माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या बाळाच्या गोवराच्या लसीची तारीख दोनदा पुढे ढकलली गेली होती. विनयने लसीला नकार दिला नव्हता. ‘आकडे जुळले की देऊ,’ एवढेच त्याचे म्हणणे होते. एका बातमीत गोवर झालेल्या १,००० मुलांपैकी १ ते ३ दगावतात असे त्याने वाचले होते. दुसरीकडे हेच प्रमाण १०,००० मध्ये १ असे दिले होते. तिसऱ्या बातमीत जगभरातील रुग्ण आणि मृत्यू यांचे आकडे होते. त्यांचा भागाकार त्याने स्वतः केला, तर प्रमाण १,००० मागे १० च्या आसपास आले. ‘एकाच रोगाचे तीन आकडे, आणि त्यांच्यात शंभरपटीचा फरक. कोणीतरी खोटे बोलत आहे, आणि कोण ते कळेपर्यंत मी सही करणार नाही,’ असे तो शांतपणे म्हणाला. त्यावर मेघना म्हणाली, ‘आता याला मोजायला रुग्णच आणून दाखवायचे बाकी राहिले आहेत.’ वाक्य विनोदी होते, पण दोघांपैकी कोणीही हसले नाही.

पहिल्या भेटीत माझ्या हातून एक चूक झाली. आश्वस्त करण्याच्या ओघात लसीच्या दोन डोसांची परिणामकारकता सुमारे ९७ टक्के असल्याचे मी सांगून टाकले. विनयने वहीत तो आकडा लिहिला आणि विचारले, ‘हा कुठून आला?’ ज्याची तक्रारच आकड्यांविषयी आहे, त्याच्यापुढे आणखी एक आकडा ठेवणे म्हणजे भांडणात चौथा पक्ष उभा करणे होते. आकडा बरोबर असला, तरी वेळ चुकीची होती. मी तसे कबूल केले आणि त्याला पुढच्या भेटीसाठी एकट्याने, वहीसह बोलावले.

त्या भेटीत आम्ही त्याचे तीन आकडे कागदावर एकाखाली एक मांडले आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहिला: छेदात काय आहे? मी वैद्य नाही आणि संख्याशास्त्रज्ञही नाही. पण अंश-छेद शाळेत शिकलेल्या कोणालाही हा प्रश्न विचारता येतो, आणि बातम्या लिहिणारे नेमका तोच गाळतात, हे माझे मत आहे. पहिल्या दोन आकड्यांचे मूळ बहुतांशी एकाच ठिकाणी सापडते. अमेरिकेत १९६३ मध्ये गोवराची लस आली. त्याआधीच्या वर्षांत तेथे दरवर्षी सुमारे ५ लाख रुग्णांची नोंद होत असे आणि ४०० ते ५०० मृत्यू होत असत. हा भागाकार जवळजवळ हजारामागे एक येतो. पण वयाची पंधरा वर्षे पूर्ण होईपर्यंत तेव्हा जवळपास प्रत्येक मुलाला गोवर होऊन जात असे, म्हणून प्रत्यक्ष लागण दरवर्षी ३० ते ४० लाख मुलांना होत असावी, असा अंदाज आहे. अनेक आया घरीच मुलाला अंधाऱ्या खोलीत झोपवून बरे करत, आणि त्याची नोंद कोठेच होत नसे. तेच मृत्यू या मोठ्या छेदावर ठेवले की प्रमाण सहा ते दहा हजारांत एक होते. अंश तोच, मेलेली मुले तीच; एका ठिकाणी छेदात ‘नोंद झालेले रुग्ण’ आहेत आणि दुसऱ्या ठिकाणी ‘लागण झालेली सर्व मुले’ आहेत.

विनय बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘म्हणजे बातमी खोटी नव्हती, अर्धी होती.’ मला हा शब्द आवडला. हजारामागे एक हा आकडा देताना ‘नोंद झालेल्या रुग्णांपैकी’ हे शब्द गाळले, तर वाचकाची दिशाभूल होते, आणि विनयला जे खटकले ते रास्तच होते. हे मी त्याला स्पष्टपणे सांगितले, कारण तोपर्यंत त्याला घरात आणि मित्रांत ‘तू फार विचार करतोस’ यापलीकडे काहीही ऐकायला मिळाले नव्हते.

तिसरा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजांवर आधारलेला होता. त्यानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे १ कोटी ३ लाख लोकांना गोवर झाला आणि सुमारे १,०७,५०० जण मरण पावले. येथे छेद सर्व लागणींचा आहे, तरीही प्रमाण शेकडा एकच्या आसपास येते, कारण मरणाऱ्यांत बहुसंख्य मुले कुपोषण, जीवनसत्त्व अ चा अभाव आणि दूरचे दवाखाने यांच्यात अडकलेली असतात. हे गणिती प्रतिमानातून काढलेले अंदाज आहेत, प्रेते मोजून काढलेली बेरीज नव्हे. आणि ही गोष्टही बातमीच्या मथळ्यात क्वचितच येते. विनयने यावर लगेच बोट ठेवले: ‘अंदाजच ना!’ म्हणून मी पॅसिफिक महासागरातील सामोआ या छोट्या देशाचे उदाहरण पुढे केले. सुमारे दोन लाख लोकवस्तीच्या त्या बेटांवर २०१९ च्या साथीत ५,७०० हून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि ८३ जण दगावले, त्यांत बहुतेक लहान मुले होती. हे मोजलेले मृत्यू होते. विनयनेच भागाकार केला: नोंद झालेल्या हजार रुग्णांमागे चौदा ते पंधरा. आदल्या वर्षी तेथे लसीची पूड विरघळवताना पाण्याऐवजी स्नायू शिथिल करणारे औषध मिसळले गेल्यामुळे दोन बाळांचा मृत्यू झाला होता, लसीकरण काही महिने थांबले होते आणि लस घेतलेल्या बालकांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर घसरले होते. हा भाग मी लपवला नाही. एखाद्याला पुढे तो दुसरीकडून कळला, तर आधी सांगितलेले सगळेच त्याच्या मनातून उतरते.

गोवराचे मृत्यू लस येण्यापूर्वीच कमी झाले होते, हा विनयचा पुढचा मुद्दा होता, आणि तोही खरा आहे. १९१२ मध्ये अमेरिकेत गोवराची देशव्यापी नोंद सुरू झाली. त्यानंतरच्या पहिल्या दशकात वर्षाला सरासरी ६,००० मृत्यू नोंदले जात, आणि लस येईपर्यंत ते ४०० ते ५०० वर आले होते. आहार, निवारा आणि प्रतिजैविके यांनी मुलांना मरणापासून वाचवले. पण गोवर होण्यापासून कोणालाही वाचवले नाही. रुग्णांची संख्या कोसळली ती लसीनंतर, आणि २००० मध्ये त्या देशाने गोवराचे स्थानिक उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. मृत्यूचा आलेख आणि रुग्णांचा आलेख हे दोन वेगळे आलेख आहेत, आणि वादात नेहमी आपल्याला सोयीचा तेवढाच पुढे धरला जातो. दोन्ही बाजू हे करतात. बातमीदारही करतात.

खरी गफलत वहीच्या पुढच्या पानावर होती. तेथे विनयने एका रकान्यात ‘रोग: १०,००० मध्ये १’ आणि शेजारी ‘लस: ३,००० मध्ये १’ असे लिहून दुसऱ्याखाली दोनदा रेघ मारली होती. तिनापैकी सर्वांत लहान आकडा त्याने रोगासाठी निवडला होता, हे एक झाले. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की पहिला आकडा मृत्यूचा होता, तर दुसरा तापातून येणाऱ्या आकडीचा, म्हणजे झटक्याचा. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीनंतर तीन-चार हजार डोसांमागे एका मुलाला अशी आकडी येते हे खरे आहे. ती पाहताना पालकांचा जीव उडून जातो हेही खरे आहे. पण ती सहसा काही मिनिटांत थांबते आणि मागे कायमची इजा ठेवत नाही. गोवराचा ताप स्वतःही आकडी आणतो, आणि नोंद झालेल्या सुमारे हजार रुग्णांमागे एकाच्या मेंदूला सूज येते, ज्यातून बहिरेपण किंवा बौद्धिक अपंगत्व राहू शकते. मी फक्त एवढेच विचारले, ‘कामाच्या ठिकाणी कोणी अशा दोन रकान्यांची तुलना करून तक्ता आणला, तर तुम्ही काय म्हणाल?’ तो म्हणाला, ‘परत पाठवीन.’

आणखी एक मथळा त्याने जपून ठेवला होता: एका साथीतील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक रुग्णांनी लस घेतलेली होती. हा मथळा मी त्यालाच सोडवायला दिला. समजा १,००० मुले आहेत, त्यांपैकी ९५० जणांनी दोन डोस घेतले आहेत आणि ५० जणांनी एकही नाही. गोवर इतका सांसर्गिक आहे की निकट संपर्कात आलेल्या, प्रतिकारशक्ती नसलेल्या दहांपैकी नऊ जणांना तो होतो. म्हणजे ५० पैकी ४५ आजारी पडतील. परिणामकारकता ९७ टक्के धरली, तर ९५० पैकी सुमारे २६ आजारी पडतील. एकूण ७१ रुग्णांत २६ लस घेतलेले, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. मथळा अक्षरशः खरा. पण एका गटात धोका शेकडा ९० आणि दुसऱ्यात शेकडा ३ हूनही कमी. पहिल्या भेटीत अडखळलेला तो ९७ चा आकडा असा त्याच्याच हातून कागदावर परत आला.

एवढ्यावर प्रश्न सुटला असता, तर मी हा अनुभव लिहिला नसता. आकडे जुळले, पण सही झाली नाही. तिसऱ्या भेटीत विनय नवीन विसंगती घेऊन आला, आणि तेव्हा मी जो प्रश्न विचारला तो खरे तर पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता: ‘कोणता आकडा कसा निघाला, तर तुम्ही उद्या लस द्याल?’ त्याच्याजवळ उत्तर नव्हते. बऱ्याच वेळाने त्याने वेगळेच काही सांगितले. काही वर्षांपूर्वी त्याच्या सहीने गेलेला एक तक्ता चुकीचा निघाला होता. आकडे सहकाऱ्याने भरले होते, विनयने विश्वासाने सही केली होती, आणि चौकशीत दोष सही करणाऱ्याच्या माथी आला होता. तेव्हापासून स्वतः न मोजलेल्या कोणत्याही गोष्टीखाली नाव लिहिताना त्याचा हात थांबत असे. लसीच्या संमतिपत्रावर पालकाची सही लागणार होती.

मेघनाला हा प्रसंग ठाऊक होता, पण त्याचा लसीशी संबंध तिने कधी जोडला नव्हता. तिची बाजू मी स्वतंत्र भेटीत ऐकली, तेव्हा तीही भीतीतच जगत असल्याचे दिसले. ‘रुग्णसंख्या तिप्पट’ अशा बातम्या ती विनयला धाडत असे, त्या त्याला घाबरवण्यासाठी. आणि तो ‘कितीवरून किती?’ एवढेच उलट विचारत असे. दोनाचे सहा झाले तरी तिप्पटच, हे त्याचे म्हणणे तिला नवऱ्याचा कोडगेपणा वाटे. तिला तो भोळी समजतो आणि ती त्याला विक्षिप्त, अशी घडी बसली होती. जोडप्यातला एक जण मथळे गोळा करतो आणि दुसरा त्यांतल्या चुका, अशा वेळी दोघेही एकाच बाळाची काळजी करत असतात, हे त्यांना बाहेरच्या माणसाकडूनच ऐकावे लागते.

चौथी भेट दोघांची एकत्र झाली. सर्व आकडे स्वतः पडताळणे ही सहीची अट असूच शकत नाही, आणि थांबणे हाही एक निर्णय आहे, कारण त्या काळात बाळ त्या ५० च्या गटात असते, हे मी स्पष्ट शब्दांत मांडले. त्यानंतर विनयने वहीतल्या दीड पानातून तीनच प्रश्न निवडले: आमच्या बाळाला कोणती लक्षणे दिसली तर तातडीने आणायचे, ताप आला तर काय करायचे, आणि आधीच्या आजारांमुळे लस टाळण्याचे काही कारण आहे का. मुलाच्या बाबतीत जे ठरवायचे ते या प्रश्नांवर ठरणार होते, आणि ते बालरोगतज्ज्ञांनाच विचारायचे होते. बाकीची विसंगती बातमीदारांसाठी राखून ठेवावी, असे मी सुचवले. त्याने खरोखरच एका वृत्तपत्राला पत्र लिहिले: प्रमाण देताना नोंद झालेले रुग्ण धरले की सर्व लागणी, हे कृपया छापत जावे. अजून उत्तर आलेले नाही.

लस दिली गेली. सही दोघांनी केली, जरी एकाची पुरली असती. दुसऱ्या आठवड्यात बाळाला एक दिवस ताप आला आणि उतरला. शेवटच्या भेटीत मेघना म्हणाली की मधले दोन महिने तिने उगाच जीव टांगणीला लावून काढले, काहीच झाले नसते. मला वाटले, विनय ही संधी सोडणार नाही. तो थोडा थांबला आणि म्हणाला, ‘तसे म्हणता येत नाही. काही झाले नाही ते आपल्या एका बाळाला. छेदात एकच आहे.’