आधी सीट वर घे

बेटा,

काल संध्याकाळी तू फाटकाशी थांबून विचारलंस, "काकाजी, नोकरी सोडू की सायकल?" मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलो, तू "बरं" म्हणालास आणि सायकल हातात धरून निघून गेलास. तुमच्या घराच्या तीन पायऱ्या चढताना तू गुडघ्यावर हात टेकलास, तेही मी इथून पाहिलं. तेविसाव्या वर्षी! रात्री झोप आली नाही, म्हणून लिहून राहिलो. समोरासमोर मी लवकर चिडतो, कागदावर जरा कमी.

नोकरीचं आणि सायकलचं, दोन्ही उत्तरं आत्ता देऊ नको. आधी सीट वर घे.

हसू नको. तू शिंप्याच्या मशीनवर बसल्यासारखा सायकलवर बसतोस. पायडल वर आलं की गुडघा पोटाला लागतो आणि बाहेर फाकतो. तीन आठवडे असं पंधरा किलोमीटर जाणं, पंधरा येणं. गुडघे दुखणार नाही तर काय होणार? तुला वाटून राहिलं की अंतर जास्त आहे. अंतर जास्त नाही, बाप्पा. आपल्या नागपुरात नंदनवन ते हिंगणा एमआयडीसी हे अंतर मी १९८३ ते २०११ रोज तोडलं. माझेही गुडघे गेले, पण ते अंतरानं नाही गेले. सीटनं गेले.

हिशेब करून दाखवतो, तू आयटीआयवाला आहेस, तुला पटेल. आपल्या साध्या काळ्या सायकलला पुढे चव्वेचाळीस दाते, मागे अठरा. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचे जवळपास अडीच फेरे, म्हणजे साधारण साडेपाच मीटर रस्ता. पंधरा किलोमीटरला सत्तावीसशे फेरे. जाऊन-येऊन पाच हजारांच्या वर. प्रत्येक गुडघा दिवसाला पाच हजार वेळा वाकतो. नीट वाकला तर तो व्यायाम, आणि जास्त वाकून, वरून दाब घेऊन वाकला तर कानशीने घासणं. माझ्या अठ्ठावीस वर्षांचा हिशेब लावला, उतारावर पायडल सोडून दिलेलं वजा केलं, तरी आकडा चार कोटींच्या आसपास जातो. चार कोटी वेळा मी चूक केली आणि एकदाही पाना हातात घेतला नाही.

का नाही घेतला, ते सांगतो. माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. १८७७ सालची ती मिल. भोंगा झाला की महालातून सायकलींची रांग निघायची. त्यांनी मला सायकल शिकवली ती एका वाक्यात: "पाय टेकले पायजे." दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकले म्हणजे पोरगा पडत नाही. शिकणाऱ्या पोरासाठी ते बरोबरच होतं. मी ते वाक्य तिशीतही धरून बसलो. पुढे १९९४च्या सुमारास आमच्या कारखान्याच्या शॉपमध्ये एक अप्रेंटिस आला होता, तुझ्याच वयाचा. पार्किंगच्या शेडमध्ये तो मला म्हणाला, "काकाजी, सीट वर घ्या ना, गुडघे जातील." मी सगळ्यांसमोर त्याला झापलं. तू जन्मला नव्हता तेव्हापासून सायकल चालवून राहिलो, वगैरे. वर्षभर होता तो, पण पुन्हा माझ्याशी त्या विषयावर बोलला नाही. तो बरोबर होता. आज कुठे असेल कोण जाणे. भेटला तर सांगेन म्हणतो, पण बहुतेक तेव्हाही मी दुसरंच काहीतरी बोलेन.

तुझी काकू म्हणते की माझे गुडघे सिमेंटच्या फरशीवर आठ-आठ तास लेथसमोर उभं राहून गेले. डॉक्टर म्हणाले, वय आहे, वाटीमागची कुर्चा झिजली आहे, कारणं अनेक असतात. असतील अनेक. मला एकच माहीत आहे.

तर सीट किती वर? भिंतीला धरून सायकलवर बस. एक पायडल अगदी खाली आण आणि त्यावर टाच ठेव. पाय सरळ झाला पाहिजे, गुडघ्यात वाक उरता कामा नये. ती तुझी उंची. चालवताना टाच नाही, चवडा ठेवायचा असतो. मग गुडघ्यात जेवढा हवा तेवढा वाक आपोआप राहतो. चालवताना कंबर डावी-उजवी डुलायला लागली तर जास्त वर झाली, बोटभर खाली घे. आणि एका दिवसात सगळी वर घेऊ नको. आज अर्धा इंच, तीन-चार दिवसांनी आणखी अर्धा. शरीराला नवी जागा कळायला वेळ लागतो.

आता तू म्हणशील, सिग्नलला पाय टेकत नाही. टेकायचाच नाही! थांबताना सीटवर बसून राहायचं नसतं. सीटवरून पुढे घसरायचं, दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं राहायचं, एक पाय पायडलवर तयार. पहिले चार दिवस बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, गर्दीत भीती वाटेल, मागचा ऑटोवाला दोन शब्द ऐकवेल. ऐकून घे. मी ती चार दिवसांची भीती टाळली आणि आता जिना उतरताना कठडा धरतो.

माझ्यावर विश्वास नसेल तर सावलीला विचार. तुझा रस्ता नशिबानं चांगला आहे, हे तुझ्या ध्यानात आलं का? सकाळी तू पश्चिमेला जातोस, ऊन पाठीवर. संध्याकाळी पूर्वेला येतोस, तेव्हाही ऊन पाठीवर. सुभाषनगरातून कळमन्याला जाणाऱ्याला विचार, त्याच्या डोळ्यात दोन्ही वेळा सूर्य घुसतो. तुझी सावली मात्र तुझ्यापुढे पळते. उद्या हिंगणा रोडवर मेट्रोच्या खांबांची सावली नसेल तिथं आपली सावली बघ. बेडूक दिसतो की माणूस, तूच ठरव.

दुसरं नशीब म्हणजे उतार. नागनदी अंबाझरीकडून येते आणि नंदनवनाच्या कडेनं पुढे पूर्वेला जाते; पाणी काही चढावर जात नाही. म्हणजे सकाळी ताजा असताना तुला चढ, आणि संध्याकाळी थकल्यावर उतार. तो चढ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तर तू स्वतःला दोष देऊन राहिला की शंकरनगरपासून पुढे दम का लागतो. दम लागतो कारण तो चढ आहे. तिथे जोर लावू नको, दुसऱ्या सायकलवाल्याशी शर्यत तर मुळीच नको. फारच जड वाटलं तर मागचं फ्रीव्हील अठराच्या जागी वीस दात्यांचं टाकून घे, चार दिवसांच्या चहाच्या पैशात फरक पडेल. पण सीट वर घेतल्यानंतर. आधी नाही. नाहीतर खाली बसून हलकं पायडल मारशील आणि म्हणशील, काकाजींच्या सल्ल्यानं काही झालं नाही.

उन्हाळ्याचं तुला मी काय सांगू, तूही नागपूरचाच. दुपट्टा, पाणी, मीठ-साखर-लिंबू. खिशातल्या कांद्यावर माझा विश्वास नाही, तरी अठ्ठावीस वर्षं ठेवला. २०१३च्या मे महिन्यात इथं पारा ४७.९ वर गेला होता; तेव्हा मी रिटायर होऊन घरात कूलरसमोर होतो आणि शिफ्टला जाणाऱ्यांची मला लाज वाटत होती. नवतपात, त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, सायकल मेट्रोत घालून ने, आपल्याकडे सायकल घेऊन मेट्रोत चढता येतं. बर्डीला चढ, लोकमान्य नगरला उतर. त्यात कमीपणा नाही. ती लाइन २०२० साली सुरू झाली. माझ्या वेळी असती तर मी गेलो असतो का? नसतो गेलो. पण तू जा. कंपनीत सायकल उन्हात ठेवू नको, पंक्चरचे पॅच उष्णतेनं सुटतात आणि सुट्टीच्या वेळी चाक बसलेलं सापडतं. पावसात लोखंडी रिमवर ब्रेकचे रबर धरत नाहीत, थांबायच्या बरंच आधी हलकेच दाबून रिम पुसून घे. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी महालातून येऊ नको, मेडिकल चौकाकडून ये. झालं. एवढंच.

राहिला गाडीचा प्रश्न. तुझी आई सांगत होती, तू हप्त्यावर गाडी घ्यायचं म्हणून राहिलास. घे, मी कोण अडवणार? पण गुडघे दुखतात म्हणून घेऊ नको. चुकीच्या उंचीवर बसून दुखलेल्या गुडघ्यांनी तीन वर्षांच्या हप्त्यांचा कागद सही करायचा, हे मला पटत नाही. महिनाभर सीट वर घेऊन चालव. मग दुखणं गेलं आणि तरी गाडी हवीशी वाटली, तर ती तुझी हौस, आणि हौसेला माझी हरकत नाही.

माझं म्हणशील, तर १९९१ साली सोसायटीचं कर्ज निघत होतं. शॉपमधल्या नऊ जणांनी मोपेड घेतल्या. मी नाही घेतली. मी सगळ्यांना सांगत आलो की ताईच्या शिक्षणासाठी पैसे राखले, आणि राखलेही. तिची फी मी कधी उशिरा भरली नाही, हे तू तिला विचारू शकतोस. पण ते पूर्ण खरं नाही. कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणालं, "आता हा पण घेईन," आणि मी म्हणालो, "मी सायकलवरच रिटायर होईन." एकदा शब्द गेला की गेला. काकू तेव्हा म्हणाली होती, "शब्द तुमचा, पाय कोणाचे?" मी उत्तर दिलं नव्हतं. अजून दिलेलं नाही. तरी मला वाटतं, शब्द पाळण्यात काही चूक नव्हती. सायकलवर रिटायर झालो, याची मला आजही शेखी आहे. फक्त तीच सायकल, तोच रस्ता, तेच शब्द, आणि सीट दीड इंच वर असती तर आज मी तुझ्यासोबत बर्डीपर्यंत आलो असतो.

नोकरीबद्दल मी काही लिहिलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. सुपरवायझर कसा आहे, पगार वेळेवर होतो का, हे तू मला सांगितलंसच नाही. तीन वेळा बोललास आणि तीनही वेळा फक्त रस्त्याबद्दल बोललास. म्हणून मला वाटतं तुझं नोकरीशी भांडण नाही. चुकत असेन तर सांग, पण बसून सांग, फाटकाशी उभा राहून नको.

रविवारी सकाळी नऊला सायकल घेऊन ये. पाना माझ्याकडे आहे. तुझ्या सीटचा पाइप नळीत गंजून बसलेला दिसतो, म्हणून शनिवारी रात्री फटीत मशीनच्या तेलाचे पाच-सहा थेंब सोडून सायकल तशीच राहू दे. नाहीतर हातोडा घ्यावा लागेल, आणि रविवारी सकाळी हातोडा वाजलेला वरच्या मजल्यावरच्या देशमुखीणबाईंना चालत नाही. पाइप अडीच इंच तरी नळीच्या आत राहिला पाहिजे. तेवढा लांब नसेल तर महालातल्या दुकानातून दुसरा आणू, पैसे मी देईन. नाश्ता करून येऊ नको, काकू तर्री-पोहे करणार आहे.

तुझा,
काकाजी