बी.एस्सी. सोडून मुंबईला नाटकात जाऊ द्यावं का?

प्रश्न : मुलगी अमळनेरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन एकांकिका केल्या, विद्यापीठाच्या ‘युवारंग’ युवक महोत्सवात बक्षीसही मिळालं. आता कॉलेज सोडून मुंबईला व्यावसायिक नाटकात जायचं म्हणते. काय करावं? – एक आई

उत्तर : ताई, जाऊ द्या, पण पदवी हातात पडल्यावर. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या ३ वर्षांच्या अभ्यासक्रमाला कुठल्याही शाखेची पदवी लागते, शिवाय किमान ६ नाटकांत काम केल्याचा अनुभव. मुंबई विद्यापीठातलं नाट्यशास्त्राचं एम.ए.सुद्धा पदवीनंतरच. अनुभव वाढवायला जळगाव केंद्रावर हौशी राज्य नाट्य स्पर्धा आहेच. तिथं उतरणाऱ्या एखाद्या संस्थेत तिनं आतापासून जावं. भूमिका नाही मिळाली तर प्रॉम्प्टिंग करावं, म्हणजे विंगेतून संवाद सुचवावेत, प्रॉपर्टी म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तू सांभाळाव्यात. प्रत्येक प्रयोगाचं प्रमाणपत्र आणि फोटो जपून ठेवावेत.

आता खरी अडचण. एकांकिका तासाभरात आटोपते. दोन अंकी नाटक मध्यंतर धरून अडीच तासांच्या आसपास जातं. स्पर्धेची सवय लागलेली मुलं पहिल्याच प्रवेशात आवाज टिपेला नेतात आणि दुसऱ्या अंकात घसा बसतो. दुसरी खोड वाक्याचा शेवट गिळायची. मराठीत क्रियापद शेवटी येतं. तेच ऐकू आलं नाही तर मागच्या रांगेला काय कळणार? रोज २० मिनिटं मोठ्यानं वाचावं, एका श्वासात एक वाक्य, शेवटचा शब्द पहिल्याइतकाच ठळक. मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रेकॉर्ड करावं, म्हणजे चूक लपत नाही. ‘काळा’चं ‘काया’, ‘पाणी’चं ‘पानी’ होत असेल तर ळ आणि ण वेगळे घोटून घ्यावेत. पण म्हणून घरातली अहिराणी बोली बंद करू नका हं. बोलीतली भूमिका आली की तीच कामाला येते.

पैशाचं सरळ सांगते. व्यावसायिक नाटकात महिन्याचा पगार नसतो, प्रयोगागणिक ‘नाईट’ म्हणजे मानधन मिळतं. परीक्षांच्या दिवसांत, पावसाळ्यात प्रयोग कमी होतात आणि तालमीच्या काळात बहुधा हाती काहीच येत नाही. खोलीचं भाडं, खानावळ, लोकलचा पास असा निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढूनच पाठवा. नव्या मुलीला पहिलं काम बरेचदा रिप्लेसमेंटचं मिळतं, म्हणजे दुसरीनं सोडलेल्या भूमिकेत मोजक्या तालमींत उभं राहायचं. त्यामुळं स्वतःचेच नव्हे, समोरच्याचेही संवाद पाठ करायची सवय आताच लावा. आणि भूमिका देतो म्हणून आधी पैसे मागणारा कुणी भेटला, तर एक रुपयाही देऊ नका.