गॅसची गोळी मागायला आलेला माणूस

प्रिय पोरा,

डी.फार्म. झालास, मेडिकलच्या काउंटरला उभा राहिलास, लय भारी. बिलिंग, स्टॉक, शेड्यूल एच (चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत ती औषधं) हे सगळं तुला मालक शिकवेल. मला फक्त रात्री अकराला येऊन "जरा गॅसची गोळी द्या" म्हणणाऱ्या माणसाबद्दल लिहायचंय. असे रोज येतात, आणि बहुतेकांना खरंच गॅसच झालेला असतो. पण एखाद्याला हार्ट अटॅक चालू असतो आणि त्याला स्वतःलाच ते माहीत नसतं. आपल्याकडे माणूस छातीत काही झालं की आधी मेडिकलवर येतो, डॉक्टर नंतर, त्यामुळे त्याला पहिल्यांदा बघणारा तूच असणार.

म्हणून स्ट्रिप काढायच्या आधी तोंडाकडे बघ. पंखा चालू असूनही दरदरून घाम, शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा पांढराफटक, एक हात काउंटरला टेकलेला आणि दुसरा पंजा छातीच्या मधोमध. पंजा किंवा मूठ ठेवून सांगणाऱ्याला जास्त घाबरायचं. एका बोटाने नेमकी जागा दाखवतो, दाबलं की दुखतं म्हणतो, त्याला बऱ्याचदा उसण भरलेली असते (बऱ्याचदा म्हणतोय, नेहमी नाही). आणि "दुखतंय का?" एवढंच विचारून थांबू नको, तो नाही म्हणेल, कारण त्याला गच्च झालेलं असतं, आवळल्यासारखं, छातीवर कोणीतरी बसल्यासारखं, दुखणं असं नसतंच. पिक्चरमधल्यासारखा छाती धरून कोसळतो असंही नाही, बाईक स्टँडला लावून येतो आणि सुट्टे पैसे मोजून देतो.

मग विचार, किती वेळ झाला, चालल्यावर वाढतंय का, हात भरून आलाय का, जबडा, मान, खांदा, पाठ? बेंबीपासून जबड्यापर्यंत कुठेही कळ जाऊ शकते, उजव्या हातातही. मळमळ, उलटी, पोटाच्या वरच्या भागात जळजळ हेसुद्धा अटॅकमध्ये होतं, त्यामुळे ढेकर आली आणि जरा बरं वाटलं म्हणून सोडून द्यायचं नाही.

शुगरवाल्यांचं अजून अवघड. नसा बधिर झालेल्या असतात, छातीत काहीच नाही, नुसता दम लागतो आणि घाम. बायकांमध्येपण कधीकधी थकवा, पाठ भरून येणं, श्वास पुरत नाही एवढंच असतं, आणि त्या स्वतः येतच नाहीत, पोराला पाठवतात. म्हणून गोळी कोणासाठी हे आधी विचारायचं, "आईला" म्हणाला तर घरी फोन लावायला सांग.

वयावर जाऊ नको. २००४ मध्ये इंटरहार्ट नावाचा ५२ देशांतला अभ्यास आला, त्यात आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक साधारण ५३ व्या वर्षी येतो आणि बाकीच्यांना ५८-५९ ला असं दिसलं. त्यात तंबाखू मळणारा असेल तर पस्तिशीचापण धर.

संशय आला की बसव त्याला. चालवायचं नाही, जिने नाहीत, बाईकवर तर अजिबात नाही, १०८ लाव. साधी ३२५ ची अ‍ॅस्पिरिन चावून खायला देतात, पण अ‍ॅलर्जी, अल्सर, रक्तस्राव, रक्त पातळ करायच्या गोळ्या हे विचार आणि १०८ च्या डॉक्टरला विचारूनच दे. सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या रुंदावणारी हार्टची गोळी) स्वतःच्या मनाने जिभेखाली ठेवायला देऊ नको, बीपी धाडकन खाली येतो, आणि त्या दिवशी सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रावाली गोळी, घेतलेली असेल तर फारच वाईट (ती तूच विकलेली असते आणि तो बायकोसमोर सांगणार नाही, बाजूला घेऊन विचार). जोरजोरात खोकायचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा उपाय खोटा आहे. कोसळलाच आणि श्वास नीट चालत नसेल तर छातीच्या मधोमध जोरात दाबत राहा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत.

ऐकणार नाहीत लोक, "मला काय होतंय, उगाच घाबरवू नका". भांडू नको, म्हण काका, गोळी घ्या पण ईसीजी काढून या, नॉर्मल आला तर उद्या येऊन मला शिव्या द्या. आणि पहिला नॉर्मल आला तरी त्रास चालू असेल तर परत काढावा लागतो, ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाला इजा झालीय का ते दाखवणारी रक्ततपासणी लागते, हेपण सांग. अटॅकमध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत सगळ्यात चांगलं काम करतं, १२ तासांनंतर त्याचा फारसा उपयोग नसतो, आणि यातले निम्मे तास लोक ईनो पिऊन वाट बघण्यात घालवतात. मालक कुरकुरेल गिऱ्हाईक पळवतोस म्हणून, कुरकुरू दे.

उद्या एक काम कर, तुमच्या गावात रात्री ईसीजी कुठे निघतो आणि जवळची कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करतात ती जागा) कुठे आहे ते विचारून नंबर काउंटरच्या काचेखाली ठेव. नुसतं मशीन आहे का विचारू नको, रात्री ते काढणारा माणूस असतो का ते विचार, काही ठिकाणी मशीन असतं आणि काढणारा सकाळी नऊला येतो.

तुझा,
काका