बाळ कोणाच्या कडेवर?

"मॅडम, सात महिन्यांच्या बाळाला इमॅजिकाला न्यावं का, एवढंच विचारायचंय. पाच मिनिटांचं काम आहे."

असं म्हणत माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आलेली मुलगी पन्नास मिनिटांनी उठली, आणि तरी तिला खरं विचारायचं होतं ते विचारून झालंच नव्हतं.

तिला आपण मधुरा म्हणू. नाव खरं नाही. ओळख पटेल असे तपशील फिरवलेत आणि लिहिण्याआधी तिची परवानगी घेतली आहे. राहते बोरिवलीला, नोकरी बँकेत. थोरला मुलगा साडेपाच वर्षांचा, धाकटी सात महिन्यांची. 26 आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच कामावर रुजू झालेली. नणंद तीन वर्षांनी न्यू जर्सीहून यायची होती, म्हणून नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी खोपोलीला, इमॅजिका थीम पार्कला, जायचं ठरलं. नऊ माणसं, एक टेम्पो ट्रॅव्हलर, आणि अर्थातच त्यासाठी काढलेला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप.

ग्रुपवर बाळाबद्दल जो तो बोलत होता. सासूबाई म्हणाल्या, एवढ्या गर्दीत तान्ह्या बाळाला कशाला, दृष्ट लागेल. डोंबिवलीहून आई म्हणाली, माझ्याकडे ठेव आणि बिनघोर जा. नणंद म्हणाली, आमच्याकडे तीन महिन्यांची बाळंसुद्धा नेतात. नवऱ्याने लिहिलं, "तू म्हणशील तसं."

हे तीन शब्द मी इतक्या घरांतून ऐकले आहेत की आता ऐकले की कान टवकारतात. दिसायला किती समजूतदार! पण त्याचा अर्थ असा होतो की निर्णय तुझा, तयारी तुझी, आणि बाळ रडलं तर "तूच म्हणालीस ना" हेही तुझंच. मधुराच्या नवऱ्याच्या मनात असं काही नव्हतं, हे पुढे कळलं. तेव्हा मात्र मी मनातल्या मनात त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून मोकळी झाले होते. आमच्या धंद्यात हे होतं, आणि व्हायला नको.

मोबाइलमध्ये तिने स्क्रीनशॉटचा ढीग जमवला होता. कोणी लिहिलेलं नेऊ नका, कोणी लिहिलेलं खुशाल न्या. मी म्हटलं, तब्येतीचं तुझे बालरोगतज्ज्ञ सांगतील, मी डॉक्टर नाही. आपण दुसरं काहीतरी करू. एक कोरा कागद दिला. म्हटलं, त्या दिवशीचं वेळापत्रक लिही, सकाळी निघाल्यापासून घरी येईपर्यंत. डावीकडे वेळ, मध्ये काय चाललंय ते, आणि उजवीकडे फक्त एक गोष्ट: त्या वेळी बाळ कोणाच्या कडेवर आहे.

बँकेतलीच मुलगी, रकाने झकास आखले. सहा वाजता निघणं, साडेसातला एक्सप्रेसवेवर नाश्ता, दहाला आत. उजव्या रकान्यात पहिल्या तीन ओळींत तिने "मी" लिहिलं. चौथ्या ओळीला पेन क्षणभर थांबलं, आणि तिथून खाली रात्री दहापर्यंत नुसत्या दोन-दोन टिंबांच्या खुणा. वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे.

कागद तिने माझ्याकडे सरकवला नाही, स्वतःच बघत बसली. खालून भाजीवाल्याची हाक येत होती, तेवढाच आवाज.

मग पर्स उचलून, चेन लावता लावता म्हणाली, "अद्वैतला... म्हणजे मोठ्याला, माझ्याबरोबर एका राइडमध्ये बसायचंय. फक्त माझ्याबरोबर. दोन महिने तेच म्हणतोय. आणि मला माहितीये, मी बाकड्यावर बसलेली असणार." (मुलाचं नावही बदललेलंच आहे.)

समुपदेशकाकडे आलेला माणूस कामाचं वाक्य नेहमी चेन लावताना किंवा दाराशी चप्पल शोधताना बोलतो. त्यामुळे शेवटची पाच मिनिटं मी कधीच घाईत घालवत नाही.

इथे माझं स्वतःचं थोडं सांगते. गोराईचं एस्सेलवर्ल्ड 1989 साली सुरू झालं. त्यानंतर काही वर्षांनी आम्ही सहकुटुंब गेलो होतो, बोटीतून. दीर, जावा, भाचरं, सगळी. दिवसभर मी सहा पिशव्या, एक पाण्याची बादलीएवढी बाटली आणि दहा महिन्यांचा मुलगा सांभाळत बसले. घरी आल्यावर सगळे म्हणाले, काय धमाल आली! मीही म्हणाले. पुढे कितीतरी वर्षांनी वाचनात आलं की वॉल्ट डिस्नेला थीम पार्कची कल्पना सुचली ती बाकड्यावरच. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्याच्या मुली मेरी-गो-राउंडवर बसायच्या आणि हा दाणे खात बाकड्यावर. त्याला वाटलं, आईबाप आणि मुलं यांना एकत्र मजा करता येईल अशी जागा का असू नये? 1955 साली डिस्नेलँड उघडलं. ग्रिफिथ पार्कातलं एक बाकडं त्यांनी तिथे जपून ठेवलंय म्हणे. बाकड्याचा कंटाळा येऊन बापाने अख्खं पार्क काढलं, आणि आपल्याकडच्या आया त्याच पार्कात जाऊन पुन्हा बाकड्यावर. हे वाचून मी एकटीच हसले होते.

दुसऱ्या वेळी मधुराला नवऱ्यासकट बोलावलं. तो ऑफिसमधून थेट आला, वीस मिनिटं उशिरा, शर्टाला लोकलची चुरगळ. कागद त्याच्यासमोर ठेवला. त्याने वाचला आणि पहिली प्रतिक्रिया अपेक्षित तीच आली: "पण दूध तीच पाजते ना."

बरोबर आहे. मग आपण दूध मोजू, मी म्हटलं. बाळ वरचं खाऊ लागलं होतं: नाचणीचं सत्त्व, मऊ वरणभात, कुस्करलेलं केळं. पार्कातल्या दिवसात दूध तीन ते चार वेळा, दर वेळी वीस मिनिटं. म्हणजे एक तास ते एक तास वीस मिनिटं. बाकीचे साडेचौदा-पंधरा तास कोणाचे?

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला ते माझ्यासाठी अनपेक्षित होतं. "मी घेतो तिला. पण दोन मिनिटांत ही येऊन काढून घेते. डायपर मी बांधला की ही सोडून परत बांधते. गर्दीत रडली आणि माझ्याकडे राहिलीच नाही, तर? सगळ्यांसमोर?"

मधुरा लगेच म्हणाली, "कारण तो तिरका बांधतोस." आणि मग तिलाच हसू आलं.

आमच्या भाषेत याला मॅटर्नल गेटकीपिंग म्हणतात. साध्या भाषेत, आईने दाराशी उभं राहून बापाला आत न सोडणं. त्यात दुष्टपणा नसतो. महिनोन्‌महिने सगळं एकटीने केल्यावर दुसऱ्याचा तिरका डायपर डोळ्याला खुपतोच. पण मग तक्रार करायला जागा कमी उरते, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. तिला ते आवडलं नाही. पुढची दहा मिनिटं ती माझ्याशी जरा तुटकच बोलली.

पुढच्या तीन रविवारांसाठी मी एकच काम दिलं. सकाळी दोन तास बाळ बाबाचं, बाहेर, गर्दीत. बाजार, स्टेशनचा पूल, बाग, कुठेही. मधुराने फोन करायचा नाही. डायपर तिरका तर तिरका.

बालरोगतज्ज्ञांकडेही मी दोघांना एकत्र पाठवलं. ती एकटी गेली असती तर सूचना पुन्हा तिच्याच डोक्यात राहिल्या असत्या. डॉक्टर म्हणाले, बाळ ठणठणीत आहे, न्या. पण गाडीत मांडीवर नाही, कार सीटमध्ये, मागच्या सीटवर, तोंड मागे करून. दुपारच्या उन्हात नाही. टोपी आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे. स्पीकरच्या भिंतीजवळ उभं राहायचं नाही. जिथे मानेला हिसका बसेल अशा राइडवर बाळ चुकूनही नाही, दारावरचा माणूस "चालतंय" म्हणाला तरी नाही. गोवराची लस नवव्या महिन्यात, म्हणजे ती अजून व्हायची होती. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली होती ती लक्षात ठेवून, ग्रुपमधल्या कोणालाही ताप-पुरळ असेल तर बेत रद्द.

डोंबिवलीला ठेवण्याचाही हिशेब त्यांनी मांडून दिला. आईचं म्हणणं प्रेमाचं होतं, पण सोळा तासांचं दूध आधी काढून फ्रीजमध्ये जमवायला हवं. बाहेर ठेवलेलं ताजं दूध चार तासांत वापरायचं, तेही खोली थंड असेल तर. शिवाय मधुराला पार्कातही मधे मधे दूध काढावं लागणार, नाहीतर छाती दगड होते. शिवाय याच वयात बाळं आई दिसेनाशी झाली की हंबरडा फोडायला लागतात. "बिनघोर जा" म्हणणं सोपं असतं. मधुराने मग ती वाट सोडली, आणि या वेळी तिला त्याचं अपराधीपण वाटलं नाही.

प्रत्येकीला मी "न्या" म्हणते असं नाही. त्याच्या आदल्या वर्षी एकजण आली होती, सिझेरियनला सहा आठवडे झालेले, आणि घरच्यांनी सिंगापूरची तिकिटं काढून ठेवलेली. बाळाच्या सहा आठवड्यांच्या लशी त्याच आठवड्यात होत्या. तिला जायचंच नव्हतं. तिथे माझं काम "नाही" हा शब्द तिच्या तोंडून सासऱ्यांसमोर निघावा एवढंच होतं. दोन आठवडे त्यात गेले.

मधुराकडे परत येते. नणंद आल्यावर जेवणाच्या टेबलावर तो कागद निघाला. नवऱ्याने काढला, हे महत्त्वाचं. नणंद म्हणाली, तिकडे डिस्नेच्या पार्कांत यासाठी सोयच आहे, रायडर स्विच म्हणतात. एक पालक राइडवर जातो, दुसरा बाळाजवळ थांबतो. पहिला आला की दुसऱ्याला सगळी रांग पुन्हा लावावी लागत नाही. इथे तशी सोय असो-नसो, आपण आपली लावू. नऊ जणांच्या दोन तुकड्या करू.

मग एक गंमत झाली. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की सासूबाई बसतील बाळाजवळ, त्यांचे गुडघे दुखतात. त्या वाटी खाली ठेवत म्हणाल्या, "मी काही नुसती बसायला येत नाहीये. ती आगगाडी आहे ना, तिच्यात मला बसायचंय. आयुष्यभर तुमच्या पिशव्याच सांभाळल्यात."

टेबलावर शांतता. त्या कागदावर सासूबाईंचं नाव मधुरानेही कुठे लिहिलेलं नव्हतं. आगगाडीचा विचार तर कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

टेम्पो ट्रॅव्हलर रद्द करून दोन गाड्या घेतल्या. कार सीट नीट बसली आणि बाळ कंटाळलं तर एक गाडी लवकर फिरायला मोकळी राहिली. थोडे पैसे जास्त गेले. माझ्या मते अशा सहलीत पैसे खर्च करायचेच तर इथे करावेत, बाळाच्या मॅचिंग टोप्यांवर नव्हे. बाळाचं खाणं आत नेता येतं का, हे आधी फोन करून विचारून घेतलं. प्रवेशद्वारावर हुज्जत घालण्याची ताकद दिवसाच्या सुरुवातीलाच संपवू नये.

दिवस कसा गेला? चांगला गेला, पण फोटोत दिसतो तसा नाही. बाळ दुपारी तीनला जे बिनसलं ते सव्वाचारपर्यंत. तो सगळा वेळ तिला बाबाने खांद्यावर टाकून सावलीत येरझाऱ्या घातल्या. डायपर ओसंडला आणि शर्टाची वाट लागली. मधुरा दोनदा उठली आणि दोनदा परत बसली. "हात शिवशिवत होते हो," म्हणाली. संध्याकाळच्या मिरवणुकीआधीच त्यांची गाडी निघाली, त्यावरून नणंदेचा चेहरा थोडा उतरला, आणि तो तसा उतरू द्यावा लागतो.

त्याआधी, साडेअकराच्या सुमारास, ती आणि अद्वैत एका राइडवर बसली. साधी, लहान मुलांची, मोठ्या राइडसाठी त्याची उंचीच पुरत नव्हती. रांग पस्तीस मिनिटांची आणि राइड जेमतेम तीन मिनिटांची. पण त्या पस्तीस मिनिटांत, ती म्हणाली, तो एकसारखा बोलत होता. शाळेतल्या एका मुलाशी त्याचं भांडण झालंय, तो डबा खात नाही म्हणून बाईंनी त्याला पुढे बसवलंय, दात हलतोय. यातलं तिला काहीही माहीत नव्हतं.

तिसऱ्या वेळी ती आली तेव्हा मोबाइलवर फोटो दाखवला. सासूबाई आगगाडीत, पदर खोचलेला, दोन्ही हातांनी पुढची दांडी घट्ट धरलेली, चेहरा असा की जणू पंजाब मेलच त्या चालवतायत. मागे कोपऱ्यात, जरा अस्पष्ट, डागाळलेल्या शर्टातला नवरा आणि त्याच्या खांद्यावर झोपलेलं गाठोडं.

"डायपर?" मी विचारलं.

"तिरकाच," ती म्हणाली, आणि फोन पर्समध्ये टाकून पेन काढलं. "आज वेगळं विचारायचंय. पाळणाघर. एक कोरा कागद द्या ना."